रजिस्टरचं सतरावं पान

महाड, २१ सप्टेंबर २०२५, रविवार

अश्वजित,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखशील आणि न उघडता ते कपाटावर टाकशील, हे मला ठाऊक आहे. टाक. फक्त रद्दीत घालू नकोस. मी लिहीतच राहणार आहे, चार-पाच साठली की एकदम वाच.

पत्ता आईनं दिलेला नाही, तिच्यावर चिडू नकोस. दर दिवाळीला तू तिला जे खोकं पाठवतोस, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला असतो. मागच्या वर्षीचं खोकं तिनं ठेवून दिलंय, त्यात ती सुकट ठेवते. त्यामुळे तुझ्या बेंगळुरूच्या पत्त्याला आमच्याकडे सुकटीचा वास येतो. तू तिला सकाळी अकराला फोन करतोस, कारण तेव्हा मी बिरवाडीला वर्कशॉपमध्ये असते, हेही मला कळतं. तिच्या फोनमधून तुझा नंबर मी काढून घेतला नाही. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

आता बातमी. सुहासशेठच्या वर्कशॉपला लढाऊ विमानाचं काम आलंय. हसून घे. मीही पहिल्या दिवशी हसले होते.

आपला देश स्वतःचं लढाऊ विमान करतोय, आणि इंजिन एका फ्रेंच कंपनीबरोबर मिळून करायचंय. कोण कुणाला किती शिकवणार, कुठली गोष्ट झाकून ठेवणार, हक्क कुणाचा, यावर वरच्या लोकांचं वर्षानुवर्षं चाललंय. त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? फ्रेंच कंपनी, तिच्याखाली बेंगळुरूची मोठी कंपनी, तिच्याखाली पुण्याची, आणि सगळ्यांच्या खाली बिरवाडीतली आम्ही अकरा माणसं. चाचणीच्या इंजिनासाठी चाळीस रिंगा करून द्यायच्या. रिंग बांगडीहून लहान. आतलं भोक बेचाळीस मिलिमीटर आणि त्यात फरक चालणार बारा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या सहाव्या हिश्श्याएवढा. ही रिंग इंजिनात बसते कुठे, ते सांगत नाहीत. ड्रॉइंग आलं ते निम्मं पांढरं करून. आपला कुशाबा, पोलादपूरच्या वरून एसटीनं येणारा ग्राइंडरवाला, तो कागद उलटासुलटा करून म्हणाला, "बाय, सोयरीक जमवली, पन पोरगी पडद्याआडच ठेवली हाय ह्यांनी."

चाळीस रिंगा पास झाल्या आणि नोव्हेंबरात जी फ्रेंच बाई तपासणीला येणार आहे तिनं वर्कशॉपला मान्यता दिली, तर पाच वर्षांचं काम. नाही दिली तर शेठ मार्चमध्ये शटर ओढणार. पंपाचं जुनं काम तर गेलंच. शेठनं हे आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलंय, त्यामुळे सध्या चहासुद्धा लोक उभ्याउभ्या पितात.

सहा वर्षांपूर्वीचं मी आज काढत नाही. पंपाच्या शाफ्टना बारीक तडे आहेत असं तू रिजेक्शन रजिस्टरमध्ये लिहिलंस, शेठनं ते पान फाडलं, मी गप्प बसले, गिऱ्हाइकासमोर तू खोटा ठरलास आणि घर सोडून गेलास. आपल्या दोघांनाही ते पाठ आहे.

आई बरी आहे. तिला वाटतंय अख्खं विमान बिरवाडीत होतंय. काल विचारत होती, "आपल्या कौलांवरनं जाईल तवा आवाज लई व्हईल काय गो?" मी म्हटलं, कौलं बदलून घेऊ.

तुझी,
सरिताताई


महाड, ४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

अश्वजित,

तुझं उत्तर आलं नाही, येणार नव्हतंच. मी मजेत आहे.

चाळीस रिंगा झाल्या! काल दिवसभरात सगळ्या मोजल्या, शेवटची संध्याकाळी. चाळीसच्या चाळीस मापात. इतक्या वर्षांत एका दमात एवढं सरळ काम मी पाहिलं नव्हतं. कुशाबाला म्हटलं, तुझ्या हाताला सोन्याची अंगठी घालायला हवी. तो म्हणाला, "अंगठी नको, मशीनवर अडकल. दोन कांदाभजी सांग." भजी सांगितली.

बुधवारी खंडेनवमी होती. तुला आठवत असेल, मशीनची पूजा होते तेव्हा नारळ फुटेपर्यंत मी बाहेर टपरीवर असते. तीस वर्षांचा रिवाज आहे, ना त्यांनी मला कधी हाक मारली, ना मी कधी तोंड वाकडं केलं. या वर्षी विमानाचं काम म्हणून कुशाबानं झेंडूच्या पाच माळा जास्तीच्या आणल्या. सगळ्या मशीनना कुंकू लावत लावत तो माझ्या टेबलाशी आला आणि मास्टर रिंगसमोर थांबला. तुला मास्टर सांगायला नको, मापाचं माप. भोक मोजायच्या बोअर गेजचा शून्य त्याच्यावर लावायचा आणि मग बाकीच्या रिंगा मोजायच्या. मी तेवढ्यात पाण्याची बाटली घ्यायला आत आले होते. तो म्हणाला, "बाय, ह्ये तर सगळ्या हत्यारांच्या वरचं हत्यार. ह्येलाच सोडू काय?"

मी त्याला नाही म्हणू शकत नाही. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी सगळे आपापले डबे घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसले होते, तेव्हा हा माणूस समोर येऊन बसला आणि माझ्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली. म्हटलं, लाव, पण एकच बोट. त्यानं आतल्या बाजूला एक बोट टेकवलं आणि हात जोडले. मीपण उगाच सरळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. आईला पांढरी साडी नेसवून क्रांतिस्तंभाला घेऊन गेले. गुडघे दुखतात तरी सगळं वंदन उभं राहून म्हटलं तिनं. येताना म्हणाली, "तो असता तर रिक्षा नीट ठरवली असती. तू भांडतीस फार." तुझी तारीफ माझ्यावर टीका करूनच करायची, ही तिची जुनी सवय.

रिंगा पंधरा तारखेला पुण्याला जातील. प्रत्येक रिंगेच्या कागदावर माझी सही आहे. तुला मोठेपणा वाटेल, पण मला खरंच आनंद झालाय.

सरिताताई


महाड, १८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

अश्वजित,

मागचं पत्र फाडून टाक. नको, राहू दे.

रिंगा बुधवारी गेल्या. काल टेबल आवरत होते. मास्टर पेटीत ठेवण्याआधी स्पिरिटच्या कापसानं पुसला आणि कापूस गुलाबी झाला.

मी तो कापूस किती वेळ हातात धरून बसले कोण जाणे. मग मास्टर तीनदा धुतला आणि गेजचा शून्य परत बघितला. चार मायक्रॉननं सरकला. मास्टरच्या आत शून्य कुठे लावायचा त्याची रेघ असते, आणि कुशाबानं नेमकं त्या रेघेवर बोट टेकवलं होतं. तीन तारखेला सकाळी मी तो नुसत्या कापडानं पुसला आणि कामाला लागले. मास्टर स्पिरिटनं धुतल्याशिवाय वापरायचा नाही, हा नियम भिंतीवर लावलाय. माझ्याच अक्षरात.

मास्टर चार मायक्रॉननं लहान झाला, म्हणजे आमच्या सगळ्या रिंगांची भोकं आम्हाला वाटली त्याहून चार मायक्रॉननं लहान. माझ्या नोंदींवरून हिशेब केला. एकतीस तरीही मापात बसतात. नऊ बसत नाहीत. घट्ट बसलेली रिंग गरम झाल्यावर काय करते, ते तुला मी सांगायला नको.

शेठला केबिनमध्ये जाऊन सांगितलं. सुहासशेठ वाईट माणूस नाही, तू कितीही म्हण. त्यानं आधी मला पाणी दिलं. मग म्हणाला, "सरिता, पुण्यात चाळीसातल्या पाच उचलून मोजतात. सापडलं तर सापडलं. त्या बाईची तपासणी होऊन जाऊ दे, मान्यता हातात पडू दे, मग आपणच काहीतरी निमित्त काढून नऊ रिंगा बदलून देऊ. आत्ता बोललीस तर अकरा घरांच्या चुली विझतील." मी म्हटलं, आणि तोवर त्या इंजिनात बसल्या तर? तो म्हणाला, "इतक्या लवकर कोण बसवतंय?" ते खरंही आहे. कागदोपत्रीच दोन महिने जातात.

मी बरं म्हणाले.

वाचून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. म्हण. कुशाबाला अजून सांगितलं नाही. तो दिवाळीला घरी गेलाय, तीन दिवस पोहे, करंज्या आणि झोप. त्याला का जागं करू? तुझं खोकं काल आलं. आईनं जुन्या खोक्यातली सुकट लगेच नव्यात हलवली.

स.


महाड, १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

अश्वजित,

हे पत्र नीट बसून वाच.

फ्रेंच बाई सोमवारी आली. नाव क्लेर, वय माझ्याएवढंच, केस पांढरे आणि रंग न लावता तसेच ठेवलेले. पुण्याच्या कंपनीची पूजा नावाची मुलगी दुभाष्या म्हणून बरोबर. रविवारी त्या महाबळेश्वरला राहिल्या आणि सकाळी आंबेनळी उतरून आल्या. घाटात बाईला तीनदा गाडी थांबवावी लागली. उतरली तेव्हा रंग कैरीसारखा. कुशाबानं कुणाला न विचारता खिशातली आवळासुपारी तिच्या हातावर ठेवली, तिनं तोंडात टाकली आणि पाच मिनिटांनी आणखी मागितली. शेठचा जीव भांड्यात पडला. दुपारी पाचाडला नेऊन तांदळाची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. तिथेही बाई खूश. पहिला दिवस मशीनं, तेल, दिवे, सगळं बघण्यात गेला. सगळीकडे टिकमार्क.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी बसली आणि रिजेक्शन रजिस्टर मागितलं.

शेठनं ते स्वतः आणून दिलं. तेच रजिस्टर आहे रे, निळ्या पुठ्ठ्याचं, प्रत्येक कागदाला एकच छापील आकडा असलेलं. पहिली सोळा पानं भरलेली, पुढे सगळं कोरं. तू गेल्यावर त्यात कुणी लिहिलंच नाही. शेठ अभिमानानं म्हणाला, "सिक्स इयर्स, मॅडम. नो मिस्टेक."

बाईचा चेहरा पडला. पूजानं सांगितलं ते असं : "माझ्या कारखान्यात वर्षाला चारशे पानं भरतात. रजिस्टर कोरं असलं की मला भीती वाटते. आपण एकत्र इंजिन करणार, म्हणजे तुमच्या चुका माझ्या आणि माझ्या तुमच्या. त्या मला कळणारच नसतील, तर मी तुमच्याबरोबर काम कसं करू?" मग ती एकेक पान उलटत गेली आणि अंगठा थांबला. "सोळानंतर अठरा. सतरा कुठे आहे?"

शेठ म्हणाला, "पुरात गेलं."

तुला माहीत आहे, एकवीसच्या पुरानंतर महाडात जे सापडत नाही ते सगळं पुरात गेलेलं असतं. लोकांची लग्नाची वचनंसुद्धा पुरात गेली. पूजानं भाषांतर केलं, बाईनं सोळावं पान उजेडात धरलं. एक डाग नाही. मग पेनचं टोपण लावलं.

आणि मी बोलले. काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, "पुरात गेलं नाही. मी फाडलं."

आता तुला सांगते, कारण ते कुशाबाच्या आणि एका परक्या बाईच्या आधी तुला सांगायला हवं होतं. शेठ त्या दिवशी एवढंच म्हणाला होता की हे पान गिऱ्हाइकानं बघायला नको, आणि बाहेर निघून गेला. फाडलं मी. तू घरी येऊन "त्यानं पान फाडलं" म्हणून ओरडलास, तेव्हा मी तुला दुरुस्त केलं नाही. आईला सांगितलं, पोरगा तापट आहे, कुणाशी पटत नाही त्याचं. शेठनंही सहा वर्षं ते आपल्या अंगावर राहू दिलं, एकदाही मला बोलून दाखवलं नाही.

का फाडलं, तर ऑर्डर जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. ते शाफ्ट मी पास केले होते. गेज कसं धरायचं ते तुला मी शिकवलं, आणि तू माझ्या सहीखालचे तडे शोधून काढलेस, ते सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलंस. मला राग आला होता. लाज वाटली होती, तिचाच राग झाला. चार महिन्यांनी त्यातले दोन शाफ्ट मोडून परत आले, शेठनं गुपचूप बदलून दिले. तुझं खरं होतं हे मला तेव्हापासून माहीत आहे.

एवढं सगळं मी बाईला सांगितलं नाही. तिला म्हटलं, पान मी फाडलं, ज्यानं लिहिलं होतं त्याचं बरोबर होतं, आणि आता आणखी एक पान लिहायचंय. अठराव्या पानावर, तिच्यासमोर, मराठीत लिहिलं : मास्टर रिंगला कुंकू लागलं, स्पिरिटनं धुतली नाही, शून्य चार मायक्रॉननं चुकला, नऊ रिंगा मापाबाहेर. खाली नऊ नंबर. 'कुंकू' या शब्दाचं भाषांतर करताना पूजा अडली. बाईला वाटलं, काही रसायन आहे. तेव्हा कुशाबा पुढे आला. त्याला तोवर काहीच माहीत नव्हतं, उभ्याउभ्या कळत होतं. टोपी काढून म्हणाला, "ताई, कुंकू म्या लावलं. हिनं पुसला नाय धड. दोघांची चूक हाय, दोघांची नावं लिव्हा."

पूजानं ते सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा हसली. मग तिनं पुण्याला फोन करून रिंगा थांबवल्या आणि आम्हाला सांगितलं की मान्यता देता येत नाही. फेब्रुवारीत पुन्हा चाळीस रिंगा, पुन्हा तपासणी.

शेठ कालपासून माझ्याशी बोलत नाही. बाकीची सगळी माझ्याकडे बघतात. आणि अश्वजित, मी काल जेवले दोन भाकऱ्या आणि गाढ झोपले. असं का झालं ते तूच सांग.

सरिता


महाड, २८ डिसेंबर २०२५, रविवार

अश्वजित,

पंचवीस तारखेची, मनुस्मृती दहन दिनाची गर्दी ओसरली, बाहेरगावचे लोक गेले, रस्ते झाडून झाले. आज निवांत आहे.

शेठ नऊ दिवस बोलला नाही. दहाव्या दिवशी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटून म्हणाला, "हे तुझ्या मैत्रिणीकडून आलंय, भर." फ्रान्सहून आलेले फॉर्म. दोन्ही चुकांसाठी वेगवेगळे, कुंकवाचा एक आणि सतराव्या पानाचा एक. काय चुकलं, का चुकलं, कुणी शोधलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. हे फॉर्म भरल्याशिवाय फेब्रुवारीची तपासणी नाही.

कुंकवाचा सोपा गेला. कुशाबाला वाटत होतं आता मशीनची पूजाच बंद करणार. दोन आठवडे त्याचा चेहरा बघवत नव्हता. "माझ्यामुळं झालं ना गो ह्ये सगळं?" असं रोज एकदा. बाईनं लिहिलं, पूजा करा, हवी तेवढी करा, फक्त मास्टर आदल्या दिवशी कुलपात जाऊ दे. त्यामुळे आमच्या कामाच्या नियमांत आता 'खंडेनवमी' हा शब्द आलाय, मराठी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत. शेठनं ते पान लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. कुशाबा झिजून बाद झालेली एक जुनी मास्टर रिंग शोधून घेऊन गेला, पुढच्या वर्षी हिचीच पूजा करणार म्हणतो.

सतराव्या पानाचा फॉर्म मी तीन दिवस घेऊन बसले. काय चुकलं : शाफ्टना तडे होते, तपासणीत सुटले. का चुकलं : तपासणाऱ्यानं भिंग न वापरता सही केली. ती तपासणारी मीच. नाव लिहिलं. मग कुणी शोधलं, तिथे लिहिलं : अश्वजित साळवी. नुसतं आडनाव नाही, पूर्ण. तो कागद पुण्याला गेला, बेंगळुरूला गेला, आता फ्रान्समध्ये कुठल्यातरी कपाटात आहे. शेठनं खाली मालक म्हणून सही केली. सही करताना म्हणाला, "पोरगं हुशार होतं." मी म्हटलं, अजून आहे. त्यानं मान हलवली. आता आम्ही पहिल्यासारखे भांडतो, म्हणजे सगळं ठीक आहे.

आईलाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. पूर्ण ऐकलं, सूप खाली ठेवलं नाही. मग म्हणाली, "त्याला लिव्हलंस काय?" म्हटलं, लिहिलं. "मंग ऊठ, जेवून घे." तिनं मला एक शब्द लावला नाही, पण त्या दिवशी वाढलं मात्र नाही, मी माझं घेतलं.

रजिस्टरमध्ये आता सव्वीसपर्यंत पानं भरलीत. रोज कुणीतरी काहीतरी लिहितं. तेलाचा डबा चुकीच्या जागी, ड्रिल बोथट. लोकांना आता चटक लागलीय, एकमेकांच्या चुका शोधून माझ्याकडे पळत येतात. मी सांगते, आधी स्वतःच्या आण.

सरिताताई


महाड, २२ फेब्रुवारी २०२६, रविवार

प्रिय अश्वजित,

मान्यता मिळाली. ती बातमी तुला आईनं अकराच्या फोनवर ओरडून सांगितली, ते सगळ्या आळीनं ऐकलं. चाळीसपैकी अडतीस रिंगा मापात, दोन बाद, आणि त्या दोन मीच बाजूला काढून रजिस्टरमध्ये लिहून ठेवल्या होत्या. क्लेरनं आधी ते पान बघितलं आणि मग रिंगा. शटर ओढायचं रद्द. शेठनं सगळ्यांना बसून चहा पाजला.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. परवा संध्याकाळी आठला आईचा फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं, तेव्हा मला वाटलं, याचं घड्याळ बिघडलं. अकराला फोन करणारा माणूस आठला. आईनं उचलला, दोन शब्द बोलली आणि फोन माझ्या हातात दिला. पुढे मी नुसती रडले. पंचेचाळीस मिनिटांतली माझी पाच मिनिटंसुद्धा धड बोलण्यात गेली नसतील. जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

मागची पाचही पत्रं आठवून बघितली. कुंकू लिहिलं, मायक्रॉन लिहिले, फॉर्मचे रकाने लिहिले. एक गोष्ट लिहिली नाही. त्या फॉर्ममध्ये, चुकीनं कुणाला दुखलं, असा रकाना नाही, म्हणून मीही सोडून दिली. अश्वजित, मी चुकले. तुझं नाव खराब झालं ते माझ्यामुळे, तुझी सहा वर्षं गेली ती माझ्यामुळे, आईच्या सहा दिवाळ्या त्या खोक्यावर गेल्या त्याही माझ्यामुळे. तू लगेच माफ करू नकोस. भांडायला ये, मी ऐकून घेईन.

आणि तू जे सांगितलंस, ते मी अजून पचवते आहे. "ताई, मला त्याच दिवशी कळलं होतं. रजिस्टरमध्ये पानाची जी कड उरली होती ती सरळ होती, स्टीलची पट्टी लावून फाडल्यासारखी. शेठ तर चेकबुकसुद्धा टराटरा फाडतो. पट्टी लावून फक्त तू फाडतेस." मग त्याचं नाव घेऊन का ओरडलास म्हटलं, तर म्हणालास, "तू मला दुरुस्त करशील म्हणून."

अरे वेड्या! म्हणजे तू दारात उभा राहून मला संधी देत होतास आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. सहा वर्षं थांबलास. एकदा सरळ विचारायचंस की नाही?

पण नाही विचारलंस तेच बरं. तेव्हा विचारलं असतंस तर मी तुझ्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं असतं, आणि ते मग मला कधीच मागे घेता आलं नसतं.

वीस मार्चला चवदार तळ्यावर फार गर्दी असते, आदल्या दिवशीच ये. गाडी बदलत बदलत का होईना, वीर स्टेशनला उतर. मी रिक्षा घेऊन येते. भाडं तू ठरव.

तुझी,
ताई